गहू सोडण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



या व्याख्यानमालेत मृत्युपत्रावर बोलणं झालं, पुनर्विकासावर बोलणं झालं. आज मला पोटावर बोलायचं आहे. विषय थोडा अवघड आहे. पोटाच्या तक्रारी आपण चारचौघांत काढत नाही, आणि चुकून काढल्याच तर समोरचा लगेच उपाय सांगून मोकळा होतो. पूर्वी ओवा-हिंग-सैंधव सांगायचे. हल्ली सांगतात, "गहू बंद करा." लिफ्टमध्ये सांगतात, बागेतल्या बाकावर सांगतात, लग्नाच्या पंगतीत पोळी वाढता वाढताही सांगतात.

आमच्या घरात या एका वाक्याचे दोन निराळे अर्थ निघाले. माझ्या नातीसाठी गहू बंद करणं हा आयुष्यभराचा उपचार ठरला. माझ्यासाठी तो सहा आठवड्यांचा एक प्रयोग ठरला. ताटात भाकरी तीच, पण दोघांचं गणित वेगळं. हा फरक कसा ओळखायचा आणि गहू सोडण्याच्या आधी काय करायचं, एवढंच आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली. तेव्हा ऐका, पण निर्णय आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आधी ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. कणीक मळून वाहत्या पाण्याखाली धरली की पांढरं सत्त्व निघून जातं आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तेच ग्लुटेन. गव्हातलं ते प्रथिन आहे. पोळी न तुटता पातळ लाटता येते, पाव फुगतो, ते त्याच्यामुळे. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिनं असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत नसतात. म्हणून तर भाकरी थापावी लागते आणि उलटताना जपावी लागते.

आता आजार. ग्लुटेनमुळे होणारा सगळ्यात गंभीर आजार म्हणजे सीलिअ‍ॅक. ही अ‍ॅलर्जी नव्हे आणि अपचनही नव्हे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते आणि अन्नातलं सत्त्व तिच्यातून रक्तात जातं. या आजारात ती लव झिजून सपाट होते. मग माणूस पोटभर जेवतो, पण अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, आणि कुणाला पोटाची तक्रारच नसते. नुसता अशक्तपणा, रक्त कमी, हाडं ठिसूळ. मुलांची उंची थांबते.

हा आजार वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. लंडनच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली त्याचं नीट वर्णन केलं. पण दोष गव्हाचा आहे हे पटवून दिलं ते हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना गव्हाचा संशय महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश कुपोषणाने खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर परत आजारी पडली. डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मुलांना ठरवून गहू दिला, ठरवून काढला, प्रत्येक वेळी मोजमाप केलं, आणि १९५० साली प्रबंध लिहिला. नुसतं "बरं वाटलं" हा पुरावा त्यांनी मानला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याला वाटतं, हे गोऱ्यांचे आजार. तसं नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. आपल्याकडे उत्तर भारतात, जिथे गहू रोजचा, तिथेही प्रमाण जवळपास तेवढंच आढळलं आहे. दक्षिणेत भात खाणाऱ्या भागात ते बरंच कमी आहे. आपण दोन्हींच्या मध्ये. माझ्या लहानपणी गावी रोज भाकरी असायची, पोळी सणाला नाहीतर पाहुणा आला तर. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा मिलो खाल्लेली मंडळी इथे बसली आहेत. आज आपल्या इमारतींत सकाळी डब्याला पोळी, दुपारी चहाबरोबर बिस्किट, रात्री पुन्हा पोळी, रविवारी पावभाजी. दोन पिढ्यांत ताट बदललं. त्यामुळे हा आजार आपल्या आसपास नाही असं धरून चालता येणार नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझी नात नऊ वर्षांची होती. पोट दुखतं म्हणायची, तोंड यायचं, शाळेतून आली की झोपायची. हिमोग्लोबिन आठच्या आसपास. लोहाचं औषध सहा महिने दिलं, आकडा हलेना. उंचीची नोंद दोन वर्षं जवळजवळ एकाच जागी. घरात जो येई तो काही ना काही सांगे. जंताचं औषध द्या, दृष्ट काढा, खजूर द्या. आणि दोघा-तिघांनी अगदी प्रेमाने सांगितलं, "महिनाभर गहू बंद करून बघा की. काय जातंय?"

आमच्या सूनबाईने ते बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तपासणी होईपर्यंत एक पोळीसुद्धा कमी करू नका."

कारण असं. सीलिअ‍ॅकची पहिली तपासणी रक्ताची असते. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात वाढली आहेत का हे बघतात. लॅबच्या कागदावर टीटीजी आयजीए असं लिहिलेलं असतं. त्याच्याबरोबर एकूण आयजीएसुद्धा मोजतात, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग अहवाल खोटा चांगला येतो. टीटीजी जास्त आलं तर बहुतेक वेळा तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात.

पण ही प्रतिपिंडं तयार होतात ती ग्लुटेन पोटात जातं म्हणून. गहू बंद केला की ती हळूहळू कमी होत जातात आणि आतड्याची लवही भरून येऊ लागते. मग तपासणी केली तर सगळं ठीक दिसतं. आजार असतो, पण कागदावर येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ऑडिटर येण्याआधीच व्हाउचर काढून टाकल्यासारखं. पुढे नक्की काय ते ठरवायचं म्हटलं तर पुन्हा सहा-आठ आठवडे रोज गहू खाऊन मग रक्त द्यावं लागतं. ज्याला गहू सोडून बरं वाटलं आहे, तो त्याला सहजी तयार होत नाही.

नातीचं टीटीजी पुष्कळ वाढलेलं निघालं. दुर्बिणीच्या तपासणीत लव सपाट झालेली दिसली. निदान पक्कं झालं. आज दोन वर्षं तिच्या पोटात गव्हाचा कण गेलेला नाही. पहिल्या सहा महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं आणि वर्षभरात शाळेचे गणवेश आखूड झाले. त्या महिन्यात तिचा गहू उगाच बंद केला असता, तर थोडं बरं वाटलं असतं, तपासणीत काही निघालं नसतं, आणि "आता बरी आहे ना" म्हणून आम्हीच तिला पुन्हा पोळी दिली असती. आतून आतडं झिजत राहिलं असतं. म्हणून मी इतकं कळकळीने सांगतोय. आधी रक्त, मग गहू बंद.

ज्यांनी आधीच गहू सोडला आहे, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. या आजाराशी निगडित जनुकांची तपासणी होते, तिला गहू खाण्याची अट नाही. ती जनुकं नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. मात्र जनुकं असली म्हणजे आजार आहे असं नव्हे. साधारण एक तृतीयांश लोकांत ती असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना आजार होतो. आणखी एक. घरात एकाला हा आजार निघाला, तर त्याचे आईवडील, भावंडं, मुलं यांनीही तपासून घ्यावं, तक्रार नसली तरी. रक्ताच्या नात्यात तो जास्त आढळतो.

आता माझी गोष्ट. निवृत्तीनंतर तीन-चार वर्षं माझं पोट ठीक नव्हतं. जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं, गुडगुड, सकाळी तीन वेळा जावं लागे, मध्येच दोन दिवस काहीच नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पेन्शनरांच्या सहलीला नाव देणं मी बंद केलं होतं. एसटीने गावी जायचं तर आदल्या रात्री जेवत नसे. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे पाठ झालं होतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आपल्या वयात पोटाची नवी तक्रार सुरू झाली तर ती आधी नीट तपासायची असते, आहाराचे प्रयोग नंतर. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त जाणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. गहू सोडून चार महिने बघू, हा विचार तिथे धोक्याचा आहे. माझं रक्त, थायरॉइड, शौच तपासणी, मोठ्या आतड्याची दुर्बीण हे सगळं झालं. नातीमुळे टीटीजीसुद्धा केलं, अर्थात रोजच्या पोळ्या खात असतानाच. सगळं व्यवस्थित निघालं.

दुसरी गोष्ट, गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. मधुमेहासाठी घेतलं जाणारं मेटफॉर्मिन अनेकांना पातळ शौच करतं, शिवाय बरीच वर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. रक्तदाबाची ओल्मेसार्टन नावाची गोळी क्वचित एखाद्याला असे जुलाब करते की आतड्याची लव अगदी सीलिअ‍ॅकसारखी दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तसा इशारा दिला होता. हे दुर्मिळ आहे, तेव्हा घरी जाऊन गोळी बंद करू नका, पण विचारा जरूर. दूध न पचणं हेही आपल्याकडे पुष्कळ असतं आणि दोष मात्र पोळीला जातो.

सगळं नीट आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे आयबीएस. आतडं धडधाकट आहे, पण हळवं आहे." आणि पुढे म्हणाले, "काही जणांना सीलिअ‍ॅक नसूनही गहू सोडल्यावर आराम पडतो. त्याची रक्ताची चाचणी नाही. तुम्हाला प्रयोग करून बघायचा असेल तर आता करा. पण हिशेब ठेवा." हिशेब म्हटल्यावर माझा जीव रमला.

जुन्या डायरीत रकाने आखले. तारीख, काय खाल्लं, किती वेळा गेलो, पोट फुगण्याला शून्य ते दहा गुण, झोप कशी, आणि शेवटी शेरा. पहिले दोन आठवडे काहीच बदललं नाही. नेहमीचंच खाल्लं आणि नुसतं लिहिलं. ही ओपनिंग बॅलन्स. ती नसेल तर पुढे फायदा झाला की नाही हे कसं कळणार? पोट फुगण्याची सरासरी सहा आली.

मग सहा आठवडे गहू पूर्ण बंद. सकाळी नाचणीची आंबील किंवा पोहे, दुपारी ज्वारीची भाकरी, रात्री मऊ भात नाहीतर भाकरी. सरासरी सहावरून तीनवर आली. मी खूश झालो. बागेतल्या बाकावर सल्ला देणाऱ्यांच्या रांगेत मीही बसलो असतो. पण डॉक्टरांनी प्रयोगाचा दुसरा भाग सांगितला होता. गहू पुन्हा पोटात घालून बघायचा, आणि तोही आपल्याला न कळता. मनाची शक्ती मोठी असते. गहू वाईट असं ठरवलं की पोळी दिसताच पोट दुखतं.

हे काम आमच्या सौभाग्यवतींनी केलं. रोज सकाळी मला दोन धिरडी. जिरं, मिरची, कोथिंबीर भरपूर. काही आठवडे त्यात गव्हाचं पीठ असायचं, काही आठवडे नसायचं. कुठल्या आठवड्यात काय, ते त्या कपाटात ठेवलेल्या वहीत लिहीत. मी दर रविवारी माझा अंदाज लिहायचा. चार आठवड्यांनी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या. चारपैकी दोन अंदाज बरोबर, दोन चूक. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. चार आठवडे हा पुरावा तोकडा आहे, हे मान्य. तरी दोन धिरड्यांएवढा गहू मला ओळखू येईल इतका त्रास देत नव्हता, एवढं निघालं.

मग सहा आठवड्यांत बरं वाटलं ते कशामुळे? डायरी पुन्हा चाळली. गहू बंद केला तेव्हा त्याच्याबरोबर चहातली खारी आणि बिस्किटं गेली होती. बाहेरचं खाणं गेलं होतं. रात्री साडेनऊला चार पोळ्या आणि कांदा-लसणाच्या वाटणाची उसळ, हेही गेलं होतं. बिल मात्र सगळं ग्लुटेनच्या नावावर फाडलं जात होतं.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं. गव्हात ग्लुटेन असतं तसं फ्रुक्टान नावाचं एक कर्बोदकही असतं. ते माणसाला पचवता येत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि वायू होतो. कांद्यात आणि लसणात ते भरपूर असतं. छोले-राजमा यांत त्याच्यासारखंच दुसरं असतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली म्हटलं होतं की सीलिअ‍ॅक नसलेल्यांनाही ग्लुटेनने त्रास होतो. त्यांनीच २०१३ साली ही वायू करणारी कर्बोदकं आधी कमी करून पुन्हा तपासलं, तर ग्लुटेनचा स्वतंत्र परिणाम दिसला नाही. नॉर्वेत ५९ जणांवर झालेला तसाच प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे ग्लुटेन टाळणारे लोक. त्यांना न सांगता ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेला खाऊ आळीपाळीने दिला. त्रास जास्त झाला तो फ्रुक्टानने. याचा अर्थ गहू सोडून ज्यांना बरं वाटतं ते खोटं बोलतात असा नाही. आराम खरा असतो, पण कारण दुसरं असू शकतं. आणि कारण कळलं तर सोडायचं कमी लागतं.

आता मी दुपारी दोन पोळ्या खातो, रात्री भाकरी. कच्चा कांदा बंद, वाटणात बेताचा. रात्रीचं जेवण आठच्या आत. पोट पूर्ण शांत आहे असं म्हणणार नाही, पण मागच्या डिसेंबरात गाणगापूरच्या सहलीला जाऊन आलो. हा हिशेब माझ्यापुरता. तुमच्या वहीत वेगळा निघेल. कुणाला खरोखरच गहू सोसत नसेल, तर त्यांनी तो जरूर सोडावा.

सोडायचाच ठरला तर काही गोष्टी. महागडी पाकिटं आणायची गरज नाही. पाकिटातला ग्लुटेनमुक्त पाव-बिस्किट पुष्कळदा तांदळाच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चचं असतं, त्यात चोथा कमी आणि साखर-तेल जास्त. आपल्या घरात आधीच काय नाही? ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, पोहे. एकादशीचं अख्खं ताट ग्लुटेनमुक्त असतं. अर्थात रोज साबुदाणा खाऊन प्रकृती सुधारत नाही, तेव्हा भर ज्वारी-नाचणीवर ठेवा, डाळी आणि पालेभाज्या सोडू नका.

ज्यांना सीलिअ‍ॅक आहे, त्यांच्यासाठी मात्र लपलेला गहू ओळखणं महत्त्वाचं. रवा, मैदा, शेवया, दलिया हे उघड आहेत. पण थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात असतो. आपल्याकडचं सातूचं पीठ बहुधा गहू आणि डाळं यांचंच असतं. बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवरचे घटक वाचावेत. सोया सॉसमध्ये असतो. माल्ट घातलेली दुधातली पावडर म्हणजे जव आला. खपली गव्हाचं हल्ली फार कौतुक चाललंय. सांगली-साताऱ्याकडचा हा गहू चवीला छान आहे, पण शेवटी गहूच. सीलिअ‍ॅकवाल्यांना तो चालत नाही. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. तेव्हा तो शिक्का बघूनच घ्या.

आणि गिरणी. गव्हामागून त्याच जात्यावर ज्वारी टाकली की गव्हाचं पीठ मिसळतंच. आम्ही शेवटी घरघंटी घेतली. नातीचा तवा वेगळा, परात वेगळी, तिच्या पिठाचा डबा वरच्या फळीवर. एवढं कशाला, असं काहींना वाटतं. हिशेब सांगतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी काही महिन्यांत सीलिअ‍ॅकच्या रुग्णाचं आतडं बिघडू शकतं, असं अभ्यासात दिसलं आहे. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरा. म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना आपण जी पिठी लावतो, तिची एक चिमूट.

इथे मी मुद्द्याच्या गोष्टीवर येतो आणि ही विनंती सोसायटीला आहे. आपल्याकडे दरवर्षी सत्यनारायण होतो, कोजागिरी होते, गणपतीत दहा दिवस प्रसाद असतो. सगळे प्रेमाने वाढतात. नात नको म्हणाली की कुणीतरी म्हणतं, "अगं, देवाच्या प्रसादाने काही होत नाही. एक घास खा." ती माझ्याकडे बघते. तिला प्रसाद नाकारायचा नसतो, आणि खाताही येत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने दर वेळी पन्नास माणसांना आपला आजार समजावून सांगायचा, हे बरं नव्हे. आणि ती एकटी नसेलही. तीन इमारती मिळून आपण तीनशेच्या वर माणसं आहोत. शंभरात एक धरा.

तेव्हा समितीला माझं एवढंच सांगणं. शिरा करा, त्याला माझी हरकत नाही, मी स्वतः दोन द्रोण खातो. पण त्याच्या शेजारी, झाकण असलेल्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्याने राजगिऱ्याचे लाडू नाहीतर केळी ठेवा. डब्यावर चिठ्ठी लावा. गणपतीला तळणीच्या मोदकांबरोबर तांदळाच्या उकडीचेही असू द्या, फक्त त्यांची पिठी आणि भांडी वेगळी. खर्च नगण्य आहे. आणि कुणी एखादा पदार्थ नको म्हणालं, मग तो लहान असो की मोठा, तर कारण न विचारता ताट पुढे सरकवावं. मधुमेहाच्या बाबतीत आपण हे शिकलो, हेही शिकू.

राहिला सल्ला. उद्या बागेत कुणी म्हणालं की पोट बिघडलंय, तर गहू सोडा म्हणू नका. टीटीजी केलंत का, असं विचारा. काही शंका असल्यास बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी आहेच, संध्याकाळी पाचनंतर. डायरीचे रकाने कसे आखले ते दाखवीन. चहा मिळेल, खारी मात्र मिळणार नाही.